वडिलांच्या खिशातल्या प्लेयरला स्पीकर हवाय, कुठला बघू?

सांजवारा

नमस्कार मंडळी, आधी शोधून बघितलं पण नेमकं हे कुठे सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. तर झालंय असं की बाबांकडे (वय ७४) एक काडेपेटीएवढा म्युझिक प्लेयर आहे, बटणवाला, इवलासा स्क्रीन, आत मेमरी कार्ड. भावाने त्यात त्यांची आवडती गाणी आणि बरीचशी व्याख्यानं भरून दिली आणि गंमत म्हणजे बाबांना तो चक्क जमला, फोन नाही जमत पण हा जमतो. अडचण एकच, इयरफोन. "कानात बोळे कोंबून बसल्यासारखं वाटतं" म्हणतात आणि मग कोणी हाक मारली तरी पत्ता नसतो. म्हणून त्याला स्पीकर लावून द्यायचाय.

घरात कॉम्प्युटरचे जुने दोन डब्बे स्पीकर होते ते लावून बघितले तर सतत "घूंऽऽऽ" असा आवाज, गाणं त्याच्या मागे कुठेतरी. ते बाजूला ठेवले. आता ऑनलाइन बघतेय तर एकावर २० वॉट, एकावर १००० वॉट (आणि तो हातात मावेल एवढा!), कुणी एक्स्ट्रा बास, कुणी पाण्यात बुडवा म्हणतंय, कुणाला रंगीत दिवे. डोकं गरगरायला लागलं. बाबा खुर्चीत बसून ऐकणार, कधी गॅलरीत. पार्टी वगैरे काही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या

एवढा विचार कसला, कुठलाही बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि मोकळ्या व्हा. वायरीचा जमाना गेला आता.

सांजवारा

अहो प्लेयरला ब्लूटूथच नाहीये. फक्त इयरफोनचं भोक आणि चार्जिंगचं.

कानसेन

ताई, तुम्ही शेवटच्या ओळीत जे लिहिलंत ते खरं तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं, कारण सगळी निवड तिथूनच सुरू होते. आधी प्लेयरमधून आवाज बाहेर कुठून निघतो ते बघायचं, मग स्पीकरमध्ये तो आत कुठून जाणार ते, आणि वॉट-बास-दिवे हे सगळं त्यानंतर.

तुमच्याकडे ३.५ मिमीचा जॅक आहे. म्हणजे स्पीकरला ऑक्स-इन पाहिजे, त्याच मापाचं भोक, आणि मध्ये दोन्हीकडे पिन असलेली वायर. सोपं वाटतं ना, पण सध्या इथेच गाडी अडते, कारण ब्लूटूथ स्पीकर बनवणारे ऑक्स काढून टाकत चाललेत. जेबीएलच्या फ्लिप ४ ला ऑक्स होतं, फ्लिप ५ ला नाही. चार्ज ४ ला होतं, चार्ज ५ ला नाही. त्यामुळे नाव ऐकून घेऊ नका, "तीच कंपनी, तेच मॉडेल, फक्त नवीन" यावर तर अजिबात जाऊ नका. पाठीमागचा फोटो मोठा करून बघा. आणि टाइप-सी दिसलं म्हणून खूश होऊ नका, बहुतेकवेळा ते नुसतं चार्जिंगचं असतं, त्यातून आवाज आत जात नाही.

खटपट्या

ब्लूटूथ ट्रान्समीटर म्हणून एक छोटी डबी मिळते की. प्लेयरच्या जॅकमध्ये खोचायची, झालं वायरलेस.

कानसेन

मिळते, चालते पण. पण मग प्लेयर चार्ज करा, डबी चार्ज करा, स्पीकर चार्ज करा. आणि डबीला स्क्रीन नसतो, दिवा निळा लुकलुकतोय की लाल यावरून जोडणी झाली का ते ओळखायचं. ७४ वर्षांच्या माणसाला ज्या दिवशी ते जोडलं जाणार नाही त्या दिवशी प्लेयर कपाटात जाईल तो कायमचा. वायर खोचली की वाजतं, हे त्यांना समजावावं लागत नाही.

निवांत_नाना

कानसेन यांच्याशी सहमत. मी स्वतः त्याच वयाचा आहे, लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अनुभव आहे.

उंडगा

माझ्या मते वायर असेल तर आवाजही चांगला येतो. ब्लूटूथमध्ये एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) असेल तर सगळा चुथडा होतो, घ्यायचंच तर एलडॅक या कोडेकवालं घ्या, ९९० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा जातो ते).

कानसेन

९९० जाऊ दे, कार्डात जी गाणी आहेत ती बहुतेक १२८ केबीपीएसची एमपीथ्री असणार. एसबीसी चांगल्या सेटिंगला ३२८ पर्यंत जातं. हातात मावणाऱ्या स्पीकरवर, खोलीच्या त्या टोकाला बसून, कोडेकमधला फरक ओळखणारा माणूस मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन. हलकेच घ्या. पण खरंच, इथे तो प्रश्नच नाहीये.

वेलदोडा

माझ्याकडे म्युझिक सिस्टिमचे जुने लाकडी स्पीकर पडून आहेत, मागे लाल-काळी क्लिप आहे. त्यांना पिन जोडून थेट प्लेयरला लावलं तर? सांजवारा ताईंकडेही तसले कोणाचे असतील तर फुकटात काम होईल.

वायरमन

नका करू. म्हणजे जळून आग वगैरे नाही लागणार, पण कान लावून ऐकावं लागेल. ते पॅसिव्ह स्पीकर आहेत, त्यांच्यात अँप्लिफायर नसतो. इयरफोनचा जॅक साधारण दहा-वीस मिलीवॉट देतो, तेवढं कानाच्या पडद्याला टेकलेल्या इयरफोनला भरपूर होतं. खोलीत ऐकायला वॉटमध्ये ताकद लागते, म्हणजे शेकडोपट. शिवाय इयरफोन १६ किंवा ३२ ओहमचे, तुमचा लाकडी स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा, तेवढा भार त्या बिचाऱ्या जॅकला झेपत नाही, आवाज फाटतो. मध्ये छोटा अँप्लिफायर टाकलात तर मात्र ते लाकडी स्पीकर आजच्या बऱ्याच प्लास्टिकच्या डब्यांना भारी पडतील, फेकू नका.

ॲक्टिव्ह स्पीकर म्हणजे ज्याला स्वतःची बॅटरी किंवा प्लग असतो तो. त्याच्या इनपुटला साधारण दहा हजार ओहम, प्लेयरला काही कळतही नाही की काही जोडलंय. सांजवारा, तुम्हाला असलाच पाहिजे.

आणि एक, वायर घेताना पिनेवर दोन काळ्या रेघा असलेली घ्या, स्टीरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा). एक रेघ असलेली मोनो पिन स्टीरिओ जॅकमध्ये घातली की उजव्या बाजूचा आवाज थेट ग्राउंडला (वायरीतल्या सामाईक तारेला) शॉर्ट होतो.

वेलदोडा

ओके, वाचले. धन्यवाद वायरमन.

गुणगुण

वॉटचं कोणीतरी सांगा ना नीट. १००० वॉट हातात मावतो म्हणजे काय?

वायरमन

म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताला हाड नाही. ते पीएमपीओ असतं, एका क्षणाच्या कुठल्यातरी कल्पनेतल्या टोकाचा आकडा, तो कसा मोजायचा याचा एक ठरलेला नियमच नाही, ज्याला जो हवा तो छापतो. आरएमएस बघायचं, सलग किती देऊ शकतो ते. यूएसबीच्या साध्या ५ व्होल्ट-१ अँपियर वर चालणाऱ्या डब्यात ५ वॉटच जातात तर १००० निघणार कुठून.

आता मजा अशी की आरएमएस सुद्धा फार पुरत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो ३ डेसिबल, कानाला "थोडा मोठा झाला वाटतं" इतकंच. "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ५ का १० वॉट यावर रात्री जागवू नका. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर किती डेसिबल, तिच्यात ८२ आणि ८८ असा फरक असेल तर तो चारपट वॉटच्या बरोबरीचा. पण छोट्या स्पीकरवाले ती छापत नाहीत, छापतात वॉट.

निवांत_नाना

आणि अंतर? मी स्पीकर कपाटावरून खाली आणून खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला तर आवाज अर्ध्यावर आणावा लागला.

वायरमन

नाना, हेच मी लिहायला घेतलं होतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल जातात, खोलीत भिंती परत ढकलतात म्हणून जरा कमी जातात. म्हणजे तीन-चार मीटरवरचा दणकट स्पीकर आणि हाताच्या अंतरावरचा किरकोळ स्पीकर, खुर्चीतल्या माणसाला जवळपास सारखेच. जवळ ठेवण्याला पैसे पडत नाहीत, हे कोणी जाहिरातीत सांगत नाही.

उंडगा

बास मात्र बघून घ्या हां, नाहीतर पत्र्याचा डबा वाजल्यासारखं वाटतं. माझ्याकडे एक्स्ट्रा बासवाला आहे, दोन्ही बाजूंना पडदे थरथरतात, कमाल वाटतं. तबल्याचा डग्गा काय लागतो!

कानसेन

ते पडदे म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर. मध्ये कॉइल नसते त्यांना, आतला मुख्य स्पीकर हलला की डब्यातली हवा त्यांना ढकलते. छोट्या डब्यातून खालच्या पट्टीतला (जाड) आवाज काढायची युक्ती आहे, चांगलीच आहे. पण स्पीकर बनवणाऱ्यांचा एक जुना कायदा आहे, हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात त्याला. छोटा डबा, खोल बास आणि कमी ताकदीत मोठा आवाज, यातलं दोनच मिळतं. तिसरं सोडावं लागतं. तुझा स्पीकर छोटा आणि बासवाला आहे, तर बॅटरी खातो, आणि फुल आवाज केलास की बास आपोआप कमी होतो, ऐकून बघ. आतली चिपच तो कापते, नाहीतर पडदा फाटेल.

आणि डग्गा "लागतो" खरा, पण बऱ्याच वेळा तो डग्गा नसतो, त्या भागात एक फुगवटा दिलेला असतो, त्यावर जे काही येईल ते घुमतं. कुठल्याही गाण्यात तोच घुमतो. दोन वेगळ्या सुरांचे तबले लावून बघ, डग्गा दोन्हीकडे एकाच सुरात लागला तर तो स्पीकरचा आहे, वादकाचा नाही.

उंडगा

आता ऐकल्यावर तेच दिसणार मला 😀 मूड घालवलात.

अबोली७

मला इथे एक वेगळंच सांगायचंय, उशीर झालाय का माहीत नाही. आईसाठी मी हेच सगळं केलं होतं दोन वर्षांपूर्वी आणि चुकले. छान गुबगुबीत बासवाला स्पीकर आणला, आम्हा सगळ्यांना आवडला, आई म्हणायची "आवाज येतोय गं, पण काय म्हणतायत ते कळत नाही". आवाज वाढवला की नुसती गुरगुर वाढायची, शब्द तिथेच. मी वैतागून म्हटलं अगं किती मोठा करू. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आलेख दाखवला, खालचे आवाज जवळजवळ ठीक, वरचे उतरत गेलेले. वयानुसार आधी वरचे आवाज जातात. आणि शब्द कळायला नेमके तेच लागतात, स, श, च, फ, ट हे सगळे वरच्या पट्टीत असतात, स्वर खाली. म्हणजे आईला स्वर ऐकू यायचे आणि व्यंजनं गाळलेली. "पाठ" म्हटलं का "काठ" म्हटलं, तिचं तिलाच लावून घ्यावं लागायचं. वर आम्ही आणलेला स्पीकर खालचंच फुगवणारा.

सांजवारा, तुमच्या बाबांच्या कार्डात व्याख्यानं आहेत म्हणून लिहिलं. गाण्याचे शब्द पाठ असतात, व्याख्यानाचे नसतात.

सांजवारा

अबोली, हे वाचून मी बाबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले टीव्हीवरच्या बातम्या कळतात पण मालिकेत मागे म्युझिक असेल तर माणसं काय बोलतात ते सुटतं. मला कधी जाणवलंच नव्हतं. कान तपासायला नेते आहे हे वेगळं. पण मग स्पीकर कसा हवा?

कानसेन

अबोलीने लाखाचं सांगितलं, मी बास-बिस बोलत बसलो आणि मुद्दा तिचाच महत्त्वाचा होता.

मग असं करा. तुम्हाला मधला आणि वरचा आवाज स्वच्छ असलेला स्पीकर हवा, बास गेला तर गेला. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, छोटा स्पीकर तिथे लंगडाच असतो, पण कान-मेंदू वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) तो खालचा सूर स्वतःच भरून काढतात. जुन्या ट्रान्झिस्टरवर भारदस्त निवेदक भारदस्तच वाटायचा तो त्यामुळे. व्यंजनांचं तसं नाही, २००० ते ५००० हर्ट्झचा पट्टा गेला की मेंदू फार तर अंदाज करतो.

स्पीकरला ट्रेबलचं (वरच्या पट्टीचं) बटण किंवा ईक्यू (वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) असेल तर उत्तम. काही प्लेयरमध्येच ईक्यू असतो, तुमच्या बाबांच्यात आहे का बघा, त्यात "बास" नावाचं काही निवडलेलं असेल तर आधी काढा. स्पीकर कानाच्या उंचीवर, तोंड बाबांकडे. वरचे आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, स्पीकर छताकडे तोंड करून ठेवला किंवा कपाटाच्या खणात सारला की पहिले तेच मरतात. आणि कोपऱ्यात ठेवू नका, दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात.

दुकानात गेलात तर बाबांना घेऊन जा, त्यांचा प्लेयर, स्वतःची वायर, आणि व्याख्यान लावा. दुकानातलं डेमो गाणं नाही, ते त्या स्पीकरवर चांगलं वाजावं म्हणूनच निवडलेलं असतं.

वाटाड्या

धागा थोडा पळवतो, माफी. माझ्याकडे जुना आयपॉड आहे, खाली रुंद ३० पिनवाला, आणि त्याचा डॉक स्पीकर (ज्याच्या खाचेत आयपॉड खोचून वाजवायचा तो). आयपॉडची बॅटरी गेली. आता त्या डॉकचं काय करू?

वायरमन

तो ३० पिनवाला कनेक्टर २००३ च्या आयपॉडबरोबर आला, २०१२ ला लाइटनिंग हा ॲपलचा नवा छोटा कनेक्टर आला आणि हजारो डॉक एका दिवसात शोपीस झाले. पण मागे बघा, बऱ्याच डॉकना ऑक्स-इन आहे. असेल तर तो आजही कुठल्याही प्लेयरला लागतो. म्हणूनच मी लोकांना सांगतो की स्पीकरवर एखाद्याच कंपनीची खाच असेल तर घेऊ नका, गोल भोक असेल तर घ्या.

वाटाड्या

आहे मागे! इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. वायर आणतो.

निवांत_नाना

अवांतर: सोनीचा पहिला वॉकमन १९७९ चा, त्याला स्पीकर नव्हताच, पण हेडफोनची भोकं दोन होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. आणि एक बटण होतं, ते दाबलं की गाणं बारीक होऊन हेडफोन न काढता बोलता यायचं. सांजवारा ताईंच्या बाबांची हाक ऐकू न येण्याची तक्रार तेव्हाच सोडवून ठेवली होती.

गुणगुण

किती गोड. वाचनखूण साठवली.

वायरमन

सांजवारा, एक राहिलंच. तुमच्या जुन्या स्पीकरचा तो "घूं" आवाज. तेव्हा प्लेयर चार्जिंगला लावलेला होता का?

सांजवारा

हो! चार्जिंग संपलं होतं म्हणून कॉम्प्युटरला लावला होता. का?

वायरमन

तेच. वायर काढून लावून बघा, मी पैज लावतो. ग्राउंड लूप म्हणतात. प्लेयर कॉम्प्युटरमार्फत अर्थिंगला जोडला गेला, स्पीकर त्याच्या प्लगमार्फत, आणि मधली ऑक्स वायर मिळून एक गोल तयार झाला, त्या गोलात मेनलाइनची ५०-६० हर्ट्झ घुमते. प्लेयर स्वतःच्या बॅटरीवर ठेवला की गोल तुटतो, आवाज बंद. चार्जिंग करतच ऐकायचं असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून वस्तू मिळते, वायरीत मध्ये लावायची.

सांजवारा

अय्या. गेला आवाज. पूर्ण गेला. मी गेले आठ दिवस नवीन स्पीकर शोधतेय आणि हे डब्बे उगाच शिव्या खात होते.

खटपट्या

धागा बंद करा मग 😂

सांजवारा

थांबा हो, नॉब फिरवला की खर्रर्र करतोय अजून. आणि गॅलरीत प्लग नाही.

वायरमन

नॉब दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आत धूळ बसते. स्पीकर बंद करून फिरवा. नाहीच गेलं तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फुसकारा.

कानसेन

खुर्चीसाठी ते डब्बेच ठेवा, स्टुलावर, हाताच्या अंतरावर, थोडे कानाकडे वळवून. दोन वेगळे डबे आहेत म्हणजे स्टीरिओ पण मिळेल, एका छोट्या डब्यातला स्टीरिओ दोन पावलं मागे गेलं की मोनोच असतो. (बाबांची गाणी जुनी असतील तर रेकॉर्डिंगच मोनो असेल, तेव्हा त्याचं फार मनावर नको घ्यायला.)

गॅलरीसाठी छोटा बॅटरीवाला, ऑक्स असलेला. आवाजाचा खरा गोल नॉब असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर निदान हाताला लागतील अशी बटणं. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात, गॅलरीला पुरे. आयपी ६७ म्हणजे धूळ बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास, त्याची गरज तुम्हाला नाही. बॅटरीचे तास छापलेले असतात ते मध्यम आवाजावरचे असतात, त्यातले दोन-तृतीयांश धरून चाला.

सांजवारा

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण घेतला! छोटा एकच डबा, ऑक्स आहे, वर गोल नॉब. दुकानात बाबांनी तीन स्पीकरवर एकच व्याख्यान ऐकलं आणि दुकानदार ज्याला "थोडा पातळ आवाज आहे काका" म्हणत होता तोच निवडला. म्हणाले यात शब्द सुटे सुटे येतात. जुने डब्बे खुर्चीशेजारी मजेत चाललेत, नॉबची खरखर पण गेली.

पण नव्याचा एक त्रास आहे. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडतो, चालू गाण्यात! बॅटरी फुल आहे. बदलून आणू का?

वायरमन

थांबा, बदलू नका. प्लेयरचा आवाज किती ठेवतात बाबा?

सांजवारा

अगदी कमी, ३० पैकी ५-६. इयरफोनची सवय. आणि स्पीकरचा नॉब पूर्ण.

वायरमन

मग बिचाऱ्या स्पीकरला वाटतं कोणी काही वाजवतच नाहीये. ऑक्सवर ठरावीक वेळ सिग्नल आला नाही की बॅटरी वाचवायला तो झोपतो, आणि "सिग्नल आला नाही" म्हणजे एका पातळीच्या खाली राहिला. ५ वर आलापी लावली तर ती त्याच्या लेखी शांतताच. उलटं करा. प्लेयर ३० पैकी २२-२४ वर कायमचा ठेवा, आवाज कमी-जास्त स्पीकरच्या नॉबने. मागची जी बारीक "सूंऽऽ" येत असेल ती पण कमी होईल, कारण नॉब पूर्ण असताना स्पीकर स्वतःची खरखर पण मोठी करत असतो. एकदम ३० वर मात्र नको, काही प्लेयर शेवटच्या टप्प्यात आवाज फाडतात.

फक्त इयरफोन परत लावायच्या आधी आवाज खाली आणायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सांजवारा

झालं! काल दोन तास सलग चालला, मध्ये बंद नाही. भावाने प्लेयरच्या मागे चिकटपट्टी लावून "२२" लिहून दिलंय. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू.

अबोली७

किती छान वाटलं वाचून. कानाच्या डॉक्टरांचं काय झालं?

सांजवारा

पुढच्या आठवड्यात जायचंय, कुरकुरत का होईना तयार झालेत.

अजून एकच (शेवटचं, खरंच). बाबांना प्लेयर खिशात ठेवायची सवय. आज गॅलरीत ऐकत होते, बेल वाजली, उठले दार उघडायला. प्लेयर खिशात, वायर प्लेयरला, स्पीकर वायरीला. स्टुलावरून खाली आला आणि फरशीवरून दोन फूट मागे मागे गेला. सुदैवाने वाजत होता, अजूनही वाजतोय. लांब वायर घेऊ का?

वायरमन

दीड मीटरची घ्या, एका टोकाला एल आकाराची पिन असलेली, ती प्लेयरच्या बाजूला लावा, म्हणजे ओढ लागली तरी जॅक आतून हलत नाही. आणि प्लेयर स्टुलावरच राहू दे, तिथे एक वाटी ठेवा त्यासाठी.

निवांत_नाना

वाटी ठेवून काही होणार नाही, हात खिशाकडेच जातो. स्वानुभव.

खटपट्या

मी पहिल्याच प्रतिसादात ब्लूटूथ म्हटलं होतं. एवढीच नोंद करून ठेवतो.